मार्सेलिसचे बंदर आणि टेकडीवरची आई
(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही बांधकाम खात्यातले डिप्लोमावाले, भाषणाची सवय नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता मेव्हण्यांकडे पॅरिसला गेलो, तेव्हा दोन दिवस मार्सेलिससाठी राखून ठेवले होते. कारण आमचे वडील. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली, ते हे बंदर. किनारा गाठूनही ते पकडले गेले. फ्रान्सच्या भूमीवरील त्या अटकेचा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. वडील हे सारे आम्हाला जेवताना सांगत. “एकदा ते पाणी बघायचंय,” म्हणत. ते राहूनच गेले.

ग्रीकांनी इ.स.पू. ६००च्या सुमारास वसवलेले हे शहर. जुन्या बंदरावर आज शिडाच्या नौका दाटीने उभ्या असतात, सकाळी ताजी मासळी विकायला येते. उडीची जागा विचारत आम्ही दोन तास फिरलो. भेटलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. शेवटी पाण्याकडे बघून वडिलांच्या वतीने हात जोडले.

मग टेकडीवरचे ‘नोत्र-दाम द ला गार्द’ हे चर्च पाहिले. उंची सुमारे १५० मीटर. पूर्वी पाण्याच्या वजनावर चालणारी लिफ्ट होती, ती १९६७ मध्ये बंद झाली. आम्ही चढूनच गेलो, दम लागला. एस्पेरांद्यू या वास्तुविशारदाचे हे काम १८५३ साली सुरू झाले, १८६४ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. मनोऱ्यावर मुलाला घेतलेल्या मेरीची, सोन्याचा मुलामा दिलेली, ११ मीटरहून उंच मूर्ती आहे. गावकरी तिला ‘चांगली आई’ म्हणतात.

आत छतापासून छोटी जहाजे टांगलेली, आणि भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या. वादळातून, आजारातून वाचलेल्यांनी लावलेल्या. कुठे नुसते ‘मेर्सी’, म्हणजे आभार, खाली नावाची आद्याक्षरे आणि साल. सौ. म्हणाली, “अहो, हे तर नवस फेडणंच झालं.”

त्या पाट्यांपुढे आम्हाला वडिलांची ट्रंक आठवली. तीत आपल्या मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या पावत्या सापडल्या होत्या. एका पावतीवर तीन सह्या आहेत. त्यांतली एक आजोबांची. उरलेल्या दोन कोणाच्या, हे आम्हाला सांगता येत नाही. वडील असताना विचारले असते तर एका मिनिटाचे काम होते. आपले आजोबा-पणजोबा पोटापाण्यासाठी इकडे आले आणि परक्या गावात त्यांनी गणपती बसवला. त्यांची आद्याक्षरेसुद्धा आपण कुठे लिहून ठेवलेली नाहीत.

म्हणून एक विनंती. यंदा गणपतीत रोज आरतीनंतर आम्ही उभयता मंडपात वही घेऊन बसणार आहोत. ज्येष्ठांनी यावे, आठवतील ती नावे सांगावीत. ती पावतीही सोबत आणू. त्या दोन सह्या कोणी ओळखल्या, तर पहिल्या पानावर तीच नावे लिहू.

गणपती बाप्पा मोरया!