केर कोठे जातो?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



रसायनशास्त्रावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. भोजनाची वेळ जवळ येत असता सूत्रे व समीकरणे कोणास रुचणार? परंतु माझा विषय सोनाराच्या शेगडीपासून फार दूरचा नाही, हे ध्यानात आले आणि धीर आला.

सोनार दोन तुकडे जोडताना मध्ये डाक ठेवतो, टाकणखार लावतो आणि फुंकणीने आच देतो. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञासही असेच जोड लावावे लागतात. मात्र त्याचे तुकडे म्हणजे डोळ्यांस न दिसणारे रेणू. एका रेणूतील कार्बन दुसऱ्या रेणूतील कार्बनास नेमक्या जागी जोडणे हे मोठे अवघड काम होय. १९०१ साली फ्रिट्झ उलमान यांनी तांब्याच्या साहाय्याने ते साधले. परंतु त्यास फार मोठी आच लागे. पुढे पॅलेडियम धातूने हे काम सौम्य रीतीने होऊ लागले. त्या संशोधनाबद्दल रिचर्ड हेक, एइइची नेगिशी व अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यांपैकी सुझुकी यांनी नोरिओ मियाउरा यांच्यासह १९७९ साली प्रसिद्ध केलेली रीत आज कारखान्यांत विशेष रूढ आहे. तीत एका तुकड्यास बोरॉन जोडलेले असते. हे बोरॉन म्हणजे आपल्या टाकणखारातलेच मूलद्रव्य! पॅलेडियमही आपणांस अनोळखी नाही. पांढरे सोने करताना ते मिसळतात. भेद एवढाच, की डाक जोडातच राहतो. पॅलेडियम मात्र जोड लावून मोकळे होते आणि पुढच्या जोडीकडे वळते. अशा द्रव्यास उत्प्रेरक म्हणतात. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहीजण रक्तदाबासाठी लोसार्टनची गोळी घेत असतील. तिच्या रेणूतील दोन कड्या याच रीतीने जोडण्याची कृती १९९४ साली प्रसिद्ध झाली.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका औषधी कारखान्यात उमेदवारी करीत होतो. एकदा तीर्थरूप भेटीस आले. मी मोठ्या अभिमानाने सांगितले, की आमची जोडणी शंभरात नव्वद उतरते. त्यांनी शांतपणे विचारले, “आणि केर कोठे जातो?” आमच्या दुकानात रोज संध्याकाळी केर काढून जपून ठेवीत आणि वर्षाकाठी झारेकरी येऊन तो धुऊन त्यातले सोने काढी. मजजवळ उत्तर नव्हते. आवारामागे वापरलेल्या द्रावकांची पिंपे रांगेने उभी होती. मी ती कधी मोजलीही नव्हती. तो प्रश्न पुढे जन्मभर माझ्या मागे राहिला.

हाच प्रश्न जगातील शास्त्रज्ञही विचारू लागले होते. १९९२ साली रॉजर शेल्डन यांनी हिशेब मांडला, की एक किलो औषधद्रव्यामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही अधिक, टाकाऊ माल निघतो. त्यात मोठा वाटा द्रावकांचा. जोडणीत पुष्कळदा वापरले जाणारे डायमिथिल फॉर्मअमाइड हे द्रावक गर्भास अपायकारक ठरले आहे. शिवाय पॅलेडियम दुर्मिळ. प्रयोगशाळेत शंभर रेणूंमागे एक ते पाच अणू सहज खर्ची पडतात. औषधात ते मागे राहून चालत नाही. तोंडाने घ्यावयाच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

यावर उपाय काय? अमेरिकेत सांता बार्बरा येथे ब्रूस लिपशुट्झ यांनी साबणाचा धर्म उपयोगात आणला. साबणाचे रेणू पाण्यात गोळा होऊन सूक्ष्म कण करतात आणि तेलकट पदार्थ त्यांच्या पोटात शिरतात. ई जीवनसत्त्वापासून असाच एक पदार्थ करून त्यांनी २०११ साली पाण्यातच, साध्या उष्णतामानावर, अशा जोडण्या करून दाखविल्या. पुढे पॅलेडियमही दशलक्षात काही शे भागांपर्यंत उतरविले.

एक बोधप्रद प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. निकोलस लेडबीटर यांनी २००३ साली जाहीर केले, की सुझुकींची जोडणी पाण्यात, कोणत्याही उत्प्रेरक धातूवाचून होते. केवढा गौरव झाला असता! परंतु त्यांनीच पुन्हा तपास केला आणि २००५ साली सांगितले, की वापरलेल्या सोड्यात अब्ज भागांत ५० भागांपर्यंत पॅलेडियम होते व काम बहुधा तेच करीत होते. आपल्या मापाने म्हणजे एक गुंज पॅलेडियमसाठी सुमारे २४ क्विंटल सोडा गाळावा लागेल! आपल्याच मालाचा कस पुन्हा लावून हिणकस निघाल्यास तसे सांगणे, ही सचोटी मला त्या शोधाहून मोठी वाटते. शिवाय, किती थोड्या धातूने काम भागते, हेही त्यातून उमगले.

तथापि, ‘हरित’ हा शब्द ऐकून भुलू नये. पाण्यात जोडणी केली तरी ते पाणी अखेरीस दूषित होते व शुद्ध करूनच सोडावे लागते. पॅलेडियमऐवजी निकेल घ्यावे तर ते स्वस्त खरे. पण त्याचे कित्येक क्षार कर्करोगकारक आहेत, आणि निकेलयुक्त पांढऱ्या सोन्याने काहींच्या त्वचेस होणारा त्रास आपण पाहतोच. म्हणून प्रत्येक रीतीचा हिशेब आरंभापासून अखेरपर्यंत मांडावा लागतो. कमी माल लागेल अशी रीत प्रथम शोधावी. उरेल तो धातू गाळून परत मिळवावा. द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरावा.

बंधुभगिनींनो, आपली पुष्कळ मुले आज वडिलांच्या शेगडीपाशी न बसता रसायनाच्या कारखान्यांत जात आहेत. त्याचे मला दुःख नाही. दुःख होईल ते एवढ्याचेच, की शेगडी सोडताना त्यांनी केर जपण्याची सवयही मागे ठेविली. मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस माझी विनंती आहे, की पहिल्या नोकरीवर रुजू व्हाल त्या आठवड्यातच वरिष्ठांना नम्रपणे विचारा, “येथला केर कोठे जातो?” उत्तर न मिळाल्यास ते शोधण्याचे काम स्वतःकडे घ्या. तीर्थरूपांना मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. तुम्हांवर तशी पाळी न येवो.