अर्ज एकट्याचा, अर्ज वस्तीचा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. बँकेत कारकुनी करतो, दिवसभर कागदांशीच संबंध. म्हणून वस्तीच्या शाळेविषयी बोलताना दोन जुन्या अर्जांपासूनच सुरुवात करतो.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण पुढे आलेला तो एकटाच, त्या एकट्यासाठी चालू शाळा कशी मोडायची, अशा अर्थाचे उत्तर देऊन अर्ज फेटाळला. पुढे १८५८ साली सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. कागदावर दार उघडले. तरीही १८९२ साली दापोलीत आपल्या निवृत्त पलटणकरांना नगरपालिकेच्या शाळेसाठी अर्ज करावे लागले. पोरांनी वर्गात बसायचे की व्हरांड्यात, यावरून तंटा चालला. पण हे पेन्शनर एकटे नव्हते. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली ती माणसे होती, आणि त्यांनी मिळून सह्या केल्या होत्या. एकट्याला जसे उत्तर मिळाले तसे यांना देऊन मोकळे होणे सोपे नव्हते.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. शेजारच्या पालिकेच्या शाळेत आम्ही स्वतः शिकलो. आज संस्थेत जे नोकरदार आहेत, त्यांतले निम्मे तिथलेच. दोन वर्षांपूर्वी कळले की सहावी आणि सातवी एकाच खोलीत, एकाच शिक्षकापुढे बसतात, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते. आम्ही तावातावाने एकटेच शाळेत गेलो. तिथे ऐकायला मिळाले, "बाकी कुणाची तक्रार नाही." धारवाडचा अर्ज आम्ही त्यानंतर वाचला, हे प्रांजळपणे सांगतो.

कायदा काय म्हणतो ते सर्वांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, पाठ करावे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीत प्रत्येक वर्गाला निदान एक आणि दर ३५ मुलांमागे एक. मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी, पिण्याचे पाणी सर्वांना. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आणि अनुदानाचा विचार त्या आराखड्यावरून व्हायचा असतो. मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार आली, तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. लेखी, हे लक्षात ठेवा. बँकेत पावतीशिवाय पैसे भरले असे कोणी मानत नाही, तसेच इथेही. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नये.

समिती आमच्या शाळेतही होती, पण वहीत. सभा सकाळी अकराला, कामाच्या दिवशी. धुणीभांडी करणाऱ्या बाईने खाडा करून यायचे कसे? वही घरी यायची, सही किंवा अंगठा व्हायचा, सभा झाली! म्हणून आम्ही मोर्चा काढला नाही. चार-पाच जण महिनाभर संध्याकाळी घरोघर फिरलो. पहिली मागणी ठरली ती शिक्षकाची नव्हे, सभेच्या वेळेची. शनिवारी संध्याकाळी सभा घ्या. ती मान्य झाली आणि पहिल्याच सभेला खोली पुरली नाही. मुख्याध्यापिका बाई आमच्या विरोधात असतील असे वाटले होते, त्याच हळूच म्हणाल्या, "तुम्ही लेखी द्या, म्हणजे मला वर पाठवता येईल." शिक्षकाला शत्रू समजून सुरुवात करू नये, हे तेव्हा उमगले.

६४ पालकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुमची मुले कुठल्या शाळेत?"

बंधूंनो, आमची दोन्ही मुले खाजगी इंग्रजी शाळेत. या सभागृहातल्या बहुतेक नोकरदारांची तशीच. आपण वर आलो आणि पहिली गोष्ट कोणती केली, तर ज्या शाळेने वर आणले तिथून आपली मुले उचलली. पट घसरतो, मग पट कमी म्हणून शिक्षक कमी, आणि शेवटी शाळाच शेजारच्या शाळेत मिळवण्याची भाषा सुरू होते. दापोलीच्या पेन्शनरांची स्वतःची पोरे त्या व्हरांड्याशी बांधलेली होती, आमची नाहीत. आम्हाला उत्तर सुचले नाही.

बरोबर आलेल्या एक ताई पुढे झाल्या. म्हणाल्या, "यांची नसतील. माझ्या दोन मुली आहेत तिथं. अर्ज माझा आहे, भाऊ नुसते लिहायला आलेत."

स्वच्छतागृहाचे कुलूप तीन आठवड्यांत निघाले. शिक्षक एक मिळाला, तोही सात महिन्यांनी. दुसरी जागा अजून रिकामी आहे आणि त्याची लेखी तक्रार गेल्या महिन्यात दाखल केली आहे. काही सभासद म्हणतात, तुमची मुले तिथे नाहीत तर तुम्ही कशाला पडता? आमचे मत असे की मुले परत घालण्याची हिंमत आमच्यात नसेल, तर निदान लिहिणाऱ्याचे काम तरी सोडू नये. धाकट्याला सहावीला तिथे घालावे का, यावर घरात वाद चालू आहे. तो मिटलेला नाही, म्हणून त्याविषयी इथे बढाई मारत नाही.

त्या ताई आता समितीच्या अध्यक्षा आहेत. त्यांना वाचता येत नाही. मागच्या शनिवारी नेहमीप्रमाणे इतिवृत्ताची वही पुढे आली, तेव्हा त्यांनी अंगठा मागे घेतला आणि सहावीतल्या आपल्या मुलीला जवळ बोलावले. "आधी वाच," म्हणाल्या, "पहिल्यापासून."