नजरेखालची परीक्षा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



उपजीविकेसाठी घर सोडणे झाशीच्या मराठी माणसाला नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि पुढे याच शहराच्या वेढ्यात सापडले. आज आपली मुले पुणे, बंगळूर, नोएडाकडे पाहतात. त्यांतील बरीच ‘फ्रंट-एंड डेव्हलपर’ होऊ इच्छितात. म्हणजे संकेतस्थळाचा जो भाग वाचकाच्या डोळ्यांसमोर आणि बोटांखाली येतो, तो घडविणारे कारागीर. त्यांच्या मुलाखती कशा होतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे, म्हणून आम्ही हा विषय निवडला.

रेल्वेची वा बँकेची परीक्षा आपल्या परिचयाची. अभ्यासक्रम ठरलेला, निकालाची यादी लागणार. येथे तसे नाही. प्रथम संगणकावर चाचणी. मग दूरस्थ मुलाखत, जीत उमेदवाराचा पडदा परीक्षकाला दिसत असतो आणि त्याच्या देखत कोड लिहावा लागतो. कुठे घरी करावयाचे काम देतात. त्यात दोन-तीन रात्री जातात आणि पुष्कळदा साधे उत्तरही येत नाही. नकारापेक्षा हे मौन मुलांना अधिक जाचते, असे आम्हांस त्यांच्याशी बोलताना जाणवले.

प्रश्न मात्र निरर्थक नसतात. शोधपेटीत प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरकडे विनंती न जाता टंकन क्षणभर थांबल्यावरच ती कशी जाईल? शून्य मिलिसेकंदांनी नेमलेले काम आधी होईल की पूर्ण झालेल्या ‘प्रॉमिस’चे? (हातातील कोड संपल्यावर प्रॉमिसचे, मग घड्याळाचे.) शंभर ओळींच्या यादीत प्रत्येक ओळीवर पहारेकरी नेमावा, की वरच्या एकाच घटकावर? दिसायला बटणासारखी चौकट न करता खरे बटणच का वापरावे? कारण माऊस न वापरता कळफलकावर चालणाऱ्यालाही ते दाबता आले पाहिजे. ज्या जावास्क्रिप्टचे पहिले रूप ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केले, तिच्या खाचाखोचा आपली मुले वर्षानुवर्षे घोकीत आहेत.

मग घरी सर्व येणारी मुलगी तेथे का अडखळते? २०२० साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, विचार मोठ्याने बोलत उदाहरण सोडविले, काहींनी एकांतात. पाहणाऱ्याच्या नजरेखाली कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. त्या लहानशा प्रयोगात परीक्षकासमोर एकाही विद्यार्थिनीला यश आले नाही. एकांतात मात्र सर्व विद्यार्थिनींनी उत्तर अचूक काढले. म्हणजे अशा परीक्षेत ज्ञानाबरोबर नजर सोसण्याची ताकदही मोजली जाते, आणि अपयश म्हणजे अज्ञान, हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

आपल्या मुलांवर आणखी एक भार आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी-बुंदेली, पुस्तकात इंग्रजी. आणि मुलाखतीत विचार करता करता तो इंग्रजीतच बोलून दाखवायचा! उत्तर सुचलेले असते, शब्द वाटेत थांबतात.

यावर मंडळाने काय करावे? आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाची खोली या मुलांना द्यावी. एकाने फळ्यावर उदाहरण सोडवावे, प्रथम मराठीत आणि नंतर इंग्रजीत बोलत. आणि समोर आपण ज्येष्ठांनी बसावे. जावास्क्रिप्ट आपल्याला येत नाही, हा येथे अडथळा नव्हे. सराव हवा आहे तो नजरेचा, आणि नजर आपल्यापाशी आहे. न समजलेले निःसंकोच विचारावे. अनभिज्ञाला समजावून सांगता आले म्हणजे परीक्षकाला सांगणे सोपे जाते. जे आधीच नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी सुट्टीत घरी आल्यावर परीक्षकाची खुर्ची घ्यावी.

आणि एक विनंती घरासाठी. मुलाखतीहून परतलेल्या मुलाला ‘निकाल काय?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय विचारले?’ असे विचारावे. निकाल त्याच्या हाती नसतो; प्रश्न मात्र त्याच्यापाशी असतो, आणि तो सांगता सांगता पुढच्या मुलाखतीची तयारी सुरू होते.

पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात आपली भाषा जपली. आता त्याच भाषेने मुलांना धीर द्यावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.