मँचेस्टरातला एक शनिवार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला होता, ‘इंग्लंडातील कामगार चळवळ’. मी त्यांना कळविले की, तेवढा माझा अधिकार नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते यंत्रमागाची पाळी सुटल्यावर नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. २०१२ साली एका अभ्यासक्रमासाठी मी तीन महिने तिकडे होतो. एवढ्या भांडवलावर एका देशाची चळवळ सांगू लागलो, तर ती तुमची फसवणूक होईल. म्हणून मी फक्त एका शनिवारची हकीगत सांगणार आहे.

माझी राहण्याची सोय रॉचडेल गावी एका कुटुंबात केली होती. मँचेस्टरपासून हे गाव आगगाडीने अगदी जवळ. १८४४ साली कामगारांनी पैसापैसा जमवून तिथे सहकारी दुकान काढले, त्यामुळे सहकाराच्या पुस्तकांत ते तीर्थक्षेत्र ठरले आहे. घरचा कर्ता मुलगा बस चालवी, सून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि त्याची आई, वय वर्षे ऐंशी, चुलीपाशी बसून असे. चूल गॅसची, पण बसण्याची रीत आपल्याकडचीच. तिथे वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते जमेना. मी तिला ‘आजी’ म्हणू लागलो, आणि आठ दिवसांत सारे घर तिला आजी म्हणू लागले.

माझे इंग्रजी कोशातले. वर्गात शिक्षक बोलू लागले की निम्मे डोक्यावरून जाई. आजीचे मात्र सारे कळे. याचे मला कोडे होते, ते तिनेच सोडविले. पंधराव्या वर्षापासून ती कापडगिरणीत मागावर होती. मागांच्या खडखडाटात तोंडचा शब्द कानाला पोचत नाही, म्हणून लँकेशायरच्या विणकरणी ओठ ठळक हलवून आणि हातवारे करून बोलत. ती सवय तिला घरीही राहिली होती. आणि मीही मागावरचाच! आमच्याकडेही पाळीत ‘सूत तुटले’, ‘मुकादम आला’, ‘चहा सांग’ हे सारे हातानेच चालते. आम्हां दोघांची भाषा गिरणीने आधीच शिकवून ठेवली होती.

तर तो शनिवार. ‘वीकएंड’ म्हणजे दोन दिवस सुट्टी, हे मला सांगावे लागले. लागोपाठ दोन दिवस रिकामा बसल्याचे मला आठवत नव्हते. बसलो असेन तर संपात किंवा तापात. तिकडची ही सुट्टीही कुणी ताटात वाढून दिलेली नाही. १८५० च्या कायद्याने गिरणीतल्या बायकांना आणि पोरांना शनिवारी दुपारी दोनला सोडणे भाग पडले, तेथून ती सुरू होते. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती १८९० साली. यंत्रमागावर बारा तासांची पाळी भरणाऱ्याला या दोन्ही साली सांगून पाहा, तो हसतो. असो. त्या शनिवारी घरच्या मुलाची बसवर पाळी होती, त्याला कुठला वीकएंड! तेव्हा आजीच म्हणाली, “चल, तुला शहर मी दाखवते.”

शहराचे वर्णन मी लांबवीत नाही. १८१९ च्या १६ ऑगस्टला मताधिकार मागायला जमलेल्या साठ हजार माणसांवर जिथे घोडेस्वार घातले, ती जागा पाहिली. तिथे आज मोठे हॉटेल आहे, आणि भिंतीवर एक लाल पाटी, पंधरा मेले आणि सहाशेहून अधिक जखमी झाले, असे सांगणारी. कापसाच्या जुन्या बाजाराची अवाढव्य इमारत पाहिली. १९७६ पासून तिथे नाट्यगृह आहे, पण १९६८ साली व्यवहार कायमचे थांबले त्या दिवसाचे भाव वरच्या फलकावर अजून तसेच आहेत. आजी फलकाकडे बोट करून म्हणाली, “तुमच्या मुंबईने आमच्या गिरण्या खाल्ल्या.” मी म्हणालो, “आजी, तुमच्या मँचेस्टरने त्याआधी आमचे विणकर खाल्ले.” दोघेही हसलो. इथवर सारे ठीक होते.

दुपारी आम्ही विज्ञान आणि उद्योगाच्या संग्रहालयात गेलो. १८३० सालच्या जुन्या रेल्वे स्टेशनाच्या आवारात ते आहे. तिथे जुने माग नुसते मांडून ठेवलेले नव्हते, चालवून दाखवीत होते. माग सुरू झाला आणि आजीचा चेहरा बदलला. मग तिने मला धोटा दाखविला, आणि तोंडाशी मूठ नेऊन ओठांनी जोरात हवा ओढली.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. जुन्या धोट्यांत ते तोंड लावून, श्वासाने ओढून काढीत. लँकेशायरात याला ‘धोट्याचा मुका’ म्हणत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. तंतू पोटात जात, दात किडत, एकीचा रोग दुसरीला होई. १९५२ साली सरकारने तिकडे ही पद्धत बंद केली. बंदीनंतरही आपण वेळ वाचवायला चोरून ओढीत असू, असे आजी म्हणाली, आणि पुढचे दोन दात नकली असल्याचे तिने दाखविले.

“तुमच्याकडेही असेच का?” तिने विचारले.

मी म्हणालो, असेच. आणि वाचलेले सांगण्याची माझी खोड, म्हणून पुढे बोलून गेलो: मुंबईत याच धोट्यापायी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. गिरणीत जास्त मजुरी त्या खात्यात, आणि ते त्यांना बंद. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, हा अन्याय दूर करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमचे लोक तुमच्याबरोबर राहणार नाहीत. तेव्हा कुठे ती मागणी नाइलाजाने यादीत आली.

आजीला कळेना. तिने दोनदा विचारले, “म्हणजे मालक घेत नसत?” मी सांगितले, नुसते मालक नाहीत, शेजारच्या मागावरचे कामगारच त्यांना उभे राहू देत नसत. ज्या धोट्याला त्यांचे तोंड लागले, त्याला आपले तोंड लावायचे नाही म्हणून. “पण थुंकी तर सगळ्यांचीच होती,” ती म्हणाली. परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही.

रविवारी सकाळी चहा ओतताना तिने सहज विचारावे तसे विचारले, “तुझे वडील कुठल्या खात्यात होते?”

मंडळी, कामगाराला जात नसते, हे वाक्य मी वीस वर्षे दारसभांतून म्हटले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. वडील मुंबईच्या एका गिरणीत १९५८ साली लागले. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही, आम्ही इचलकरंजीला आलो आणि माझी शाळा सुटली. हे सारे मी शेकडो वेळा सांगितले होते. पण वडील विणकाम खात्यात होते, आणि त्या खात्यात त्यांच्या शेजारी कोण होते व कोण नव्हते, हा प्रश्न मला त्या चहाच्या कपापर्यंत कधी पडला नव्हता. मी म्हणालो, “मागावरच होते, आजी.” तिने मान हलविली. आणखी काही विचारले नाही.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वडिलांना विचारले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, उन्हाला बसले होते. आधी म्हणाले, “आमच्यात तसलं काही नव्हतं.” जरा वेळाने म्हणाले, “एकजण आला होता. कताईतनं बदली मागून. हात चांगला होता त्याचा.”

“मग?”

“आम्ही चौघं जॉबरकडं गेलो. हा आमच्या मागांवर नको म्हणून सांगितलं.”

“आबा, अस्पृश्यतेविरुद्ध कायदा १९५५ सालीच झाला होता.”

“असंल. आम्हांला कुणी सांगितला न्हाई. युनियननं तर न्हाईच.”

त्या माणसाचे नाव मात्र वडिलांना आडनावासकट आठवत होते, तो डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत राहत होता हेही. ते नाव मी इथे घेत नाही. त्याच्या घरच्यांना न विचारता ते घेण्याचा मला हक्क नाही. वडील हयात असताना मी त्या चाळीत दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला कुणाला काही सांगता आले नाही. दुसऱ्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “होता, खरा. संपाच्या आधीच खोली सोडून गेला.” कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हते. मी घरी येऊन तसे सांगितले. वडील म्हणाले, “पुन्हा एकदा जाऊन ये.”