पौषात पेरायचं, वैशाखात खायचं



संक्रांत तोंडावर आली आहे. भोगीच्या भाजीला पावटा, हरभरा, गाजर, वांगी सगळं स्वस्त आहे, परसात मेथी-कोथिंबीर आहे, विहिरीला पाणी आहे. अशा दिवसांत उन्हाळ्याची भाजी कुणाच्या डोक्यात येत नाही. पण मे महिन्यात पाव किलो गवारीला २५-३० रुपये मागतात, तेव्हा आपण बाजारातून कांदे-बटाटे घेऊन परत येतो. आणि भाजी कमी पडली की ती कुणाच्या ताटातली कमी होते, हे मी सांगायला नको. माणसांना वाढायचं, पोरांना वाढायचं आणि आपण चटणी-भाकरी खाऊन उठायचं. ती मे महिन्यातली भाजी पाहिजे असेल तर तिचं बी आत्ता, पौषात, हातात घ्यावं लागतं.

गटाच्या बैठकीत मी विचारलं, उन्हाळ्यासाठी परसात काय लावणार? एक आक्का म्हणाल्या, टोमॅटो. एक वहिनी म्हणाल्या, फ्लॉवर, दुकानात पुडीवर लई चांगला दिसला. एक काकू मात्र म्हणाल्या, "अगं, आधी पाणी किती राहणार ते मोज, मग काय लावायचं ते विचार." मला वाटतं सगळं त्यातच आलं. आपला माणदेश पावसाच्या सावलीतला. आत्ता विहिरीत दिसतं ते पाणी एप्रिलात दिसेलच असं नाही, आणि असलं तरी ते आधी कांद्याला, उसाला, जनावरांना जातं. परसबागेचा नंबर शेवटी. म्हणून आपण हिशेब सांडपाण्याचाच धरायचा. त्या पाण्यावर कुणी हक्क सांगत नाही.

चला, मोजून बघू. चार-पाच माणसांच्या घरात आंघोळीचं आणि भांड्यांचं मिळून सहा-सात कळशा पाणी रोज निघतं. टँकरच्या दिवसांत त्याचं निम्मं धरा. म्हणजे रोजच्या तीन कळशा, दोन दिवसांच्या सहा. मे महिन्यात दोडक्याच्या वाढलेल्या एका वेलाला दिवसाआड एक कळशी लागते. वांग्याच्या, मिरचीच्या झाडाला अर्धी पुरते. आता वाटणी करा: तीन वेलांना तीन कळशा, दोन वांगी आणि दोन मिरच्या यांना मिळून दोन, आणि गवारीच्या दोन छोट्या ओळींना एक. संपलं पाणी. दहा वेल लावून दहाही एप्रिलात वाळवण्यापेक्षा तीन वेल जूनपर्यंत जगवलेले बरे. आळ्यात वाळका पाला, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं अंथरली तर एखादं झाड जास्त जगेल. कपड्याच्या साबणाचं पाणी मात्र भाजीला रोज घालू नका, ते अळूला किंवा केळीला वळवा.

आता काय लावायचं ते.

फ्लॉवर-कोबीचं बी आत्ता टाकू नका. रोपाला महिना आणि पुढे गड्डा भरायला अडीच महिने धरले तर एप्रिलचं ऊन येतं, आणि त्या उन्हात गड्डा नीट धरत नाही. मटारचंही तसंच, त्याची वेळ गेली. टोमॅटो उन्हाळ्यात येतो, पण पांढऱ्या माशीमुळे पानं गोळा होतात आणि फवारण्या कराव्या लागतात. ज्यांची बागायत आहे त्यांनी करावं. घरच्या खाण्यासाठी, दोन-चार झाडांसाठी, मी तरी तो नाद करणार नाही.

पालेभाजी मात्र आत्ता लगेच टाका, कारण पाणी आहे तोवर ती होऊन जाते. मेथी महिन्याभरात काढायला येते, पालक महिना-सव्वा महिन्यात, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. धणे चपलेने किंवा पाट्यावर हलकेच रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. थंडीत ते उगवायला दोन आठवडेही घेतात, म्हणून वाफा उकरून बघत बसू नका. फेब्रुवारी सरला की मेथी-पालक लवकर फुलावर येतात, तेव्हा त्या जागी तांबडा माठ किंवा चवळई घ्या. या दोघींना ऊन सोसतं.

गवारीला घाई नको. थंडीत गवार रुसते. फेब्रुवारीचा मध्य उलटू द्या, मेथीचा वाफा रिकामा झाला की त्यातच ओळी धरा. आपल्यासारख्या कमी पाण्याच्या मुलखात गवारीइतकी गुणी भाजी दुसरी नाही.

वांग्याचं नवं बी टाकायची बहुतेकींना गरजच नाही. पावसाळ्यात लावलेली झाडं उभी आहेत ना? रोग नसलेली, बुंधा चांगला असलेली दोन झाडं निवडा, सगळी फळं काढून घ्या, फांद्या निम्म्यावर छाटा, बुडाला दोन पाट्या शेणखत घाला आणि पाणी द्या. नवी फूट येते आणि उन्हाळ्यात पुन्हा वांगी लागतात. जुन्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, पाण्याचा ताण ते रोपापेक्षा जास्त सोसतं.

मिरचीचं बी मात्र याच आठवड्यात टाका. थंडीत ते फार संथ. उबेत आठ-दहा दिवसांत वर येणारं बी पौषात पंधरा-वीस दिवस घेतं, आणि रोप लावणीला यायला पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. थोडा उंच गादीवाफा करा, चाळलेलं शेणखत मिसळा, चार-चार बोटांवर रेघा ओढा आणि बी अर्ध्या पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नका. पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी नाही. रात्रभर वाफा ओला आणि थंड राहिला की कोवळी रोपं बुडातून कोलमडतात. रात्री जुनी साडी कामट्यांवर ताणून झाका आणि ऊन आलं की काढा. दिवसभर झाकून ठेवली तर रोपं लांबडी, पिवळी होतात. आणि एका घराला दोन-चार झाडंच लागतात, म्हणून गटात एकीने वाफा करावा आणि बाकीच्यांनी रोपं न्यावीत. वीस जणींनी वीस वाफे राखायचे कशाला?

आता वेल. दुधी, दोडका, कारलं, काकडी. मला विचाराल तर एक दुधी आणि दोन दोडके. काकडी पोरांना आवडते, पण पाणी एकदा चुकलं की ती कडू होते. या सगळ्यांच्या बियांना जमिनीत ऊब लागते. आत्ता थेट आळ्यात टोकलं तर पहाटेच्या गारठ्यात बी नुसतं पडून राहतं, नाहीतर कुजतं. म्हणून ते पिशवीत वाढवा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवून बुडाला भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरा. दुधी-दोडक्याचं बी रात्रभर, आणि कारल्याचं टणक बी दिवस-रात्र, कोमट पाण्यात भिजवा. मग ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवा. फडकं वाळू द्यायचं नाही आणि चुलीला चिकटवायचंही नाही, हाताला उबदार लागेल इतकंच. कोंब डोकावला की पिशवीत लावा आणि पिशव्या उन्हाच्या भिंतीला मांडा. तीन आठवड्यांत रोप तयार होतं, तोवर थंडीही ओसरते. लावताना पिशवी ब्लेडने कापा, मुळाचा गोळा फुटू देऊ नका. वेलाचं मूळ हललं की तो रुसून बसतो.

वेलाच्या आळ्यात मातीचं मडकं पुरता आलं तर फारच छान. रंग न दिलेलं, पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण ठेवायचं. पाणी झिरपत मुळाशी जातं, उन्हानं उडून जात नाही. एका मडक्याभोवती दोन-तीन वेल बसतात. गळक्या माठाला आपल्या घरात असं काम मिळतं.

बियाणं विकत आणणार असाल तर गटानं मिळून आणा. काकडीच्या १० ग्रॅमच्या पुडीत तीनशेच्या आसपास बिया असतात आणि घरात लागतात सहा. पुडीवर उगवणीची टक्केवारी आणि मुदत छापलेली असते, ती वाचा, आणि पावती घ्या. गुलाबी, लाल, निळं रंगवलेलं बी असलं तर त्याला औषध चोळलेलं आहे हे समजा. ते भिजवायचं नाही, हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, उरलेलं कोंबड्यांना टाकायचं नाही आणि पोरांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. घरातलं जुनं बी असलं तर वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठ दिवस ठेवा. चौदा-पंधरा फुटल्या तर बी चांगलं आहे, दहाच फुटल्या तर दुप्पट टाका.

आणि एक काम याच महिन्यात करा, ते पुढं ढकलता येत नाही. पुढच्या वर्षीचं बी आत्ता तुमच्या परसात उभं आहे. आपण काय करतो, चांगली मेथी, चांगली कोथिंबीर आधी खुडतो आणि उरलेली बारकी, रोगट झाडं बियाला सोडतो. उलट करायला हवं. सगळ्यात जोमदार दोन-चार झाडांना आजच लाल चिंधी बांधा म्हणजे घरात कुणी उपटणार नाही. पावट्याच्या, घेवड्याच्या भरल्या शेंगा वेलावरच वाळू द्या. वांगं झाडावर पिवळं पडेपर्यंत ठेवा. सावलीत वाळवून राखेत मिसळून डब्यात ठेवा. फक्त पुडीवर 'संकरित' किंवा 'हायब्रीड' लिहिलेल्या वाणाचं बी धरू नका, त्याची पुढची पिढी आईसारखी निघत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं जपण्याच्या या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सुरुवात घरच्याच बियांपासून केली.

आता हळदी-कुंकवाचं. रथसप्तमीपर्यंत ते चालेल आणि दरवर्षीप्रमाणे प्लास्टिकचे डबे, चाळण्या घरोघर फिरतील. आमच्या गटानं या वर्षी बियांचं वाण लुटायचं ठरवलं आहे. कागदाच्या पुडीत दुधीच्या चार बिया, दोडक्याच्या चार, माठाची चिमूट. बियालाही आपण वाणच म्हणतो की! आणि हे वाण गावातल्या प्रत्येक बाईला द्यायचं, जिला एरवी हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत तिलाही. ज्या घरात एकटी बाई पोरं सांभाळते, तिथं उन्हाळ्यात तीन वेलांची भाजी जास्त उपयोगी पडते. दोघी-तिघींनी नाक मुरडलं. एका मावशींनी विचारलं, सासूबाईंना काय सांगू? मी म्हटलं, त्यांना पुडी नेऊन द्या, त्यांच्याच हातानं टोकू द्या. म्हाताऱ्या माणसांचा बियाला हात चांगला असतो.

पुड्या भरायला पुढच्या बैठकीत बसायचं आहे. येताना घरातलं जे गावरान बी असेल ते आणा, मूठभर असलं तरी चालेल, आणि पुडीवर भाजीचं नाव, आपल्या वस्तीचं नाव आणि बी कोणत्या साली धरलं ते लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तसंच आणा, आम्ही लिहू. कारल्याचं बी मात्र आपल्याकडे कुणाकडेच दिसत नाही. कुणाच्या माहेरी असलं तर संक्रांतीला जाल तेव्हा मागून आणा.