खोलीभाडं : सणसवाडी ते लंडन



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘लंडनला घर कसं शोधलंस ते सांग. आपल्यातल्या तिघा-चौघांची मुलं शिकायला बाहेर निघाली आहेत, त्यांना उपयोग होईल.’ म्हणून आज उपयोगाचंच बोलते. शेवटी मात्र एक गोष्ट अशी सांगणार आहे, जी मी तीस वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

घरभाड्याचं माझं शिक्षण लंडनला झालं नाही, आपल्या सणसवाडीतच झालं. नगर रोडला कंपन्या येऊ लागल्या आणि गावात जो तो खोल्या बांधायला लागला. अण्णांनीही गोठ्यामागे सहा खोल्या काढल्या. वर पत्रा, मोरी सामाईक. बीड, लातूर, परभणीकडून माणसं यायची आणि अण्णा ओट्यावर बसून विचारायचे : गाव कोणतं? कंपनी कोणती? पगार किती? माणसं किती? इथे ओळखीचं कोण? शेवटचं उत्तर समाधानकारक नसेल तर दोन महिन्यांचं भाडं आगाऊ. मी दारात अभ्यास करता करता सगळं ऐकायची.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी लंडनला गेलो, तेव्हा एजंटने मला तेच पाच प्रश्न विचारले. भाषा तेवढी इंग्रजी होती. तिथे साधारण नियम असा, की वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा. म्हणजे १,७०० पौंड भाड्याच्या घराला ५१,००० पौंड पगार. पगार माझा तेवढा होता. पण ‘इथे ओळखीचं कोण?’ याला उत्तर नव्हतं. त्या देशात माझा कर्जफेडीचा इतिहास नाही, आधीच्या घरमालकाचं पत्र नाही, जामीन राहणारं कोणी नाही. एजंट म्हणाला, मग सहा महिन्यांचं भाडं एकदम भरा. १०,२०० पौंड! वीस वर्षं नोकरी केलेली मी त्या खुर्चीत बसून गोठ्यामागच्या खोलीसाठी आलेल्या माणसासारखी ओशाळी झाले.

आता उपयोगाचं. महागड्या शहरात घर निवडताना नुसतं भाडं बघू नका, तीन आकडे एका कागदावर मांडा : भाडं, प्रवास आणि घरपट्टी. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो. तिथे कौन्सिल टॅक्स बहुतेक ठिकाणी राहणाऱ्या भाडेकरूलाच भरावा लागतो. माझा महिन्याला साधारण पावणेदोनशे पौंड होता. जाहिरातीत भाडं आठवड्याचं लिहिलेलं असेल तर चारने गुणू नका. वर्षात ५२ आठवडे असतात. आठवड्याला ४०० म्हणजे महिन्याला १,६०० नव्हे, १,७३३ पौंड.

डिपॉझिटचा नियम मात्र घेण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने नेहमीच्या घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. शिवाय ते सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं, म्हणजे सोडताना मालकाने ‘भिंत खराब केली’ म्हणून परस्पर कापून घेण्याची सोय नाही.

माझं ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीटजवळ. समोर तीन पर्याय होते. ऑफिसजवळ एका बेडरूमचं घर, त्याचंच भाडं आवाक्याबाहेर. दुसरं स्लाव. २०२२ ला सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनमुळे तिथून थेट गाडी आहे, भाडंही कमी, पण ते लंडनच्या भाडे-झोनच्या बाहेर, त्यामुळे रेल्वेचा पास महाग. तिसरं हॅरो. झोन पाचमध्ये, मेट्रोपॉलिटन लाइनने न बदलता ऑफिस. कागदावर बेरीज केली तर स्लाव आणि हॅरोत फारसा फरक उरला नाही.

मग शाळेने निर्णय दिला. तिथे सरकारी शाळा मोफत असतात, पण गर्दी झाली की बहुतेक शाळा घर ते शाळा अंतर मोजतात आणि जवळच्याला आधी घेतात. आपण शाळा निवडतो ती घराच्या पत्त्याने. आम्ही हॅरो घेतलं. आणि माझा सल्ला लिहून घ्या : घर दुपारी बघितलं तरी सही करण्याआधी संध्याकाळी सातला स्टेशनपासून तिथपर्यंत पायी चालून या. आमचं आधी ठरत आलेलं एक घर मी त्या चालण्यामुळे सोडलं. दिवसा छान वाटलेली गल्ली रात्री अंधारी आणि निर्मनुष्य होती.

तिथे आपलं माणूस भेटतं का? भेटतं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. मंडळ १९३२ सालचं. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच घर. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या घरात भाड्याने राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. मुलीला घेऊन गेले. तिने विचारलं, ‘ते इथे भाड्याने राहायचे? आपल्यासारखे?’ मी हो म्हणाले, आणि मला एकदम आठवीचा वर्ग आठवला.

आता ती गोष्ट. आठवीत माझ्या शेजारी बसायची ती परभणीकडची मुलगी तुम्हाला आठवते? अक्षर मोत्यासारखं, गणितात माझ्या पुढे. ती आमच्याच खोलीत राहायची. तिचा शाळा सोडल्याचा दाखला गावाहून आला नव्हता, तरी आपल्या बाईंनी ‘कागद येईल मागून, पोरीचं वर्ष आधी’ म्हणून तिला वर्गात बसवलं. बाई आज समोर बसल्या आहेत. दिवाळीनंतर तिच्या घरी काका राहायला आले, माणसं पाचाची सात झाली. अण्णांनी दीडशेचं भाडं अडीचशे केलं. वडिलांना झेपलं नाही. आठ दिवसांत त्यांनी सामान टेम्पोत भरलं. बाईंनी मला विचारलं, ‘ती का येत नाही गं?’ मी म्हणाले, ‘माहीत नाही, बाई.’ मला माहीत होतं.

अण्णा वाईट नव्हते. खोल्यांच्या भाड्यातूनच माझी इंजिनिअरिंगची फी गेली. म्हणूनच ते अडीचशे रुपये मला विसरता येत नाहीत.

अण्णा गेल्यावर खोल्या भावाकडे आणि माझ्याकडे आल्या. लंडनहून आल्यावर आम्ही दोघांनी तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक भाड्याची पावती द्यायची. डिपॉझिट एका महिन्याचंच घ्यायचं. आणि ज्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, तिथे जूनपासून वार्षिक परीक्षेपर्यंत भाडं वाढवायचं नाही, खोली खाली करायला सांगायचं नाही. यात फार मोठं काही नाही. गावात ज्यांच्या खोल्या आहेत त्या तुम्हा सगळ्यांना जमण्यासारखं आहे, म्हणून सांगितलं.

आणि संयोजकांना एक विनंती. आजची यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. त्यात ती नाही. कारण ती दहावीपर्यंत इथे राहूच शकली नाही. तिच्यासारखी आणखीही असतील. पुढच्या मेळाव्याची यादी आठवीच्या हजेरीपटावरून करा. पट शोधायला मी येते. तिचा पत्ता कोणाला लागला, तर आधी मला कळवा. बाईंना खोटं बोलले ते आज त्यांच्यासमोर कबूल केलं. तिच्याशी बोलणं बाकी आहे.