अंगणवाडीचा कारभार कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थाप्रमुख म्हटले की महाविद्यालयाचा प्राचार्य, हायस्कूलचा मुख्याध्यापक किंवा साखर कारखान्याचा अध्यक्ष डोळ्यांसमोर येतो. त्याला खोली असते, दारावर नावाची पाटी असते, हाताखाली लिपिक असतो. परंतु हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी, सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यात, एखाद्या बंजारा तांड्यावर किंवा आंध आदिवासींच्या वस्तीत जी बाई एका खोलीत तीन ते सहा वर्षांची मुले जमवते, तीही संस्थाप्रमुखच होय. ती मुलांना शिकवते, मदतनिसीच्या साहाय्याने ताजा आहार देते, वजने घेते, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावून आणते, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवते आणि या सर्वांचा हिशेब वरिष्ठांना देते. शासनाच्या भाषेत मात्र ती 'सेविका' आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'. तिच्यावर जबाबदारी संचालकाची आणि तिचा दर्जा स्वयंसेवकाचा, ही विसंगती केवळ तिच्या पोटाचा प्रश्न नाही. खेड्यातील बालशिक्षणाचे सारे दैन्य तिच्यात सामावले आहे.

अंगणवाडी ही सरकारी कचेरीत जन्मलेली कल्पना नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे धडे गिरवलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचे काम वाढवले. पण शहरातील सुखवस्तू घरांपुरत्या राहिलेल्या बालमंदिरांनी त्यांचे समाधान होईना. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हरिजनवाड्यातील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हीच शिक्षणाची साधने झाली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या सान्निध्यात गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

या प्रयोगाचे मर्म कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावे. ताराबाई आणि अनुताई यांना वरून आलेला आदेश पाळायचा नव्हता. मूल का येत नाही, हे पाहून शाळेची जागा, वेळ, साधने बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांच्यापाशी होते. बालशिक्षण केंद्राचे नेतृत्व म्हणजे मुख्यतः हे स्वातंत्र्य आणि त्याबरोबर येणारे उत्तरदायित्व.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव शासनाने घेतले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे सोपवल्या. योजनेने पुष्कळ मुले जगवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण नाव घेतले आणि स्वातंत्र्य मात्र मागे ठेवले. सहा सेवांपैकी ज्यांची मोजदाद करता येते त्यांची नोंदवही झाली, आणि जिची मोजदाद करता येत नाही ती सेवा, म्हणजे शिक्षण, सर्वांच्या शेवटी जाऊन बसली.

कायद्यानेही त्यात भर घातली. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मान्य केला होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदा या वयापुरता आखला. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच मार्गदर्शक तत्त्व उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमातही शालापूर्व शिक्षणाची सोय शासनाने करावी असे आहे, पण तो मुलाचा हक्क नाही. श्रीमंताचे मूल तिसऱ्या वर्षी शुल्क भरून शाळेत जाते. शेतमजुराच्या मुलाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. विषमतेचा पाया पहिलीच्या वर्गाआधीच घातला जातो, तो असा.

हिंगोली हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला पाच तालुक्यांचा जिल्हा. येथे अंगणवाडी चालवणे म्हणजे काय, हे येथल्या शेतीच्या हंगामावरून कळते. सोयाबीन काढणीला आले की आया पहाटेच शेतावर जातात. हळद काढून शिजवायच्या दिवसांत तेच. चार वर्षांच्या मुलाला घेऊन अंगणवाडीत येते ती सात-आठ वर्षांची बहीण, आणि तिची शाळा बुडते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला वा वीटभट्टीवर निघाली की पटावरची नावे राहतात, मुले जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, तेव्हा वजन घटलेले असते आणि शिकलेले विसरलेले असते. कोणत्या घरचे मूल कोठे गेले, कधी येणार, आजीपाशी कोण राहिले, हे त्या गावात फक्त अंगणवाडीच्या बाईला नेमके ठाऊक असते. परंतु हंगामाप्रमाणे केंद्राची वेळ बदलण्याचा, पाळणाघर जोडण्याचा, किंवा मूल गेले त्या गावच्या केंद्राकडे त्याला रीतसर सोपवण्याचा निर्णय तिच्या एकटीच्या हाती नाही. ज्ञान तिच्यापाशी आणि अधिकार दुसऱ्यापाशी, अशा स्थितीत कोणतीही संस्था नीट चालत नाही.

तिचा वेळही तिचा राहिलेला नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, मोहिमा यांना हक्काचा हात म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडे आले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. ज्या यंत्रात भरलेली माहिती वर जाते पण मुलापर्यंत काहीच परतत नाही, त्या यंत्राविरुद्धची ती तक्रार होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून मानला. पण ज्या बाईने हा पाया घालायचा तिच्या दिवसातले दोन तास तरी निर्वेध आहेत का, हे कोणी विचारले नाही.

मानधनासाठी या स्त्रियांनी कठोर लढे दिले. २०१७ चा संप झाला. पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ अखेरपर्यंत पन्नासहून अधिक दिवसांचा संप झाला. केंद्र शासनाने सेविकेच्या मानधनातील आपला आधार २०१८ साली ३,००० वरून ४,५०० रुपयांवर नेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीतील पद हे नागरी सेवेतील पद नाही असा निर्णय दिला होता. त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यांचे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद नाकारला, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत चालते ते शैक्षणिक कार्य आहे असे स्पष्ट केले. चळवळीने हा निर्णय केवळ रकमेच्या हिशेबात वाचला. वस्तुतः त्यात अंगणवाडी ही शिक्षणसंस्था आहे, या मागणीचे बीज आहे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. समाजवादी कार्यकर्ता सेविकांच्या मोर्चात उत्साहाने जातो, पण आपल्याच गावच्या अंगणवाडीत मुले काय शिकतात, हे पाहायला क्वचितच जातो. तेथे कोणत्या वस्तीतली मुले येत नाहीत, मदतनीस दलित असेल तर तिच्या हातचे सगळ्या घरची मुले जेवतात का, हे प्रश्न तो ग्रामसभेत मांडत नाही. उलट काही ठिकाणी सेविकेची निवड आपल्या गटाच्या घरातली व्हावी, यासाठी त्यानेही वजन खर्च केलेले असते. केंद्रप्रमुख अशा मिंधेपणातून आली, तर ती गावाच्या सर्व मुलांची कशी होणार? शिवाय वेतन वाढले आणि शिक्षण मात्र होते तेथेच राहिले, तर ज्या मजुराच्या मुलासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या पदरात काय पडले?

म्हणून मागण्या दोन नाहीत, एकच आहे. सेविकेला केंद्रप्रमुख शिक्षिकेचा दर्जा व वेतन हवे, मदतनिसीला सहकारी म्हणून मान व मोबदला हवा. आणि त्याच श्वासात रोजचे शिकवण्याचे तास कोणत्याही इतर कामापासून राखून ठेवलेले हवेत, हंगामाप्रमाणे वेळ ठरवण्याचा अधिकार केंद्राला व पालकसभेला हवा, स्थलांतरित मुलाचे नाव एका पटावरून दुसऱ्या पटावर पोचण्याची व्यवस्था हवी. हे मिळवण्यासाठी मुंबईच्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. पालकसभा भरवणे, निवडीच्या वेळी गुणवत्तेचा आग्रह धरणे, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची यादी सेविकेबरोबर बसून करणे, ही कामे कार्यकर्त्याने उद्यापासून हाती घ्यावीत.

या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे घालवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी आख्यायिका येथला प्रत्येक माणूस जाणतो. देवळाच्या फिरण्यावर कोणाचा विश्वास असो वा नसो, १९४५ साली बोर्डीत एका बाईने शाळेचे तोंड हरिजनवाड्याकडे फिरवले, हा इतिहास आहे. तांड्यावरच्या मुलाकडे शासनाचे तोंड फिरवण्याचे काम अद्याप बाकी आहे, आणि ते अंगणवाडीतल्या एकट्या बाईवर टाकून चळवळीला मोकळे होता येणार नाही.